नकार देणाऱ्या घरांना दोष देण्याआधी

ऑगस्टात अवयवदान दिन आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. म्हणणं असं: रुग्ण किडनी-लिव्हरची वाट बघत मरतात, कारण आपले लोक अंधश्रद्धाळू आहेत. शिकलेले दान करतात, अडाणी करत नाहीत. मृताने संमतीचं कार्ड भरलेलं असेल तर नातेवाइकांना विचारायचंच कशाला? आणि शेवटी, ‘जाळून राख करतील, पण कुणाला देणार नाहीत.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी अंधश्रद्धेचं घेऊ. पुढच्या जन्मी डोळे मिळणार नाहीत, पिंडाला कावळा शिवणार नाही, असं म्हणणारे आहेत, नाही असं नाही. पण बहुतेक घरं तिथवर पोचतच नाहीत. ती त्याच्या आधीच अडतात: आपलं माणूस गेलंय, हेच पटत नाही. माझा आतेभाऊ दुचाकीच्या अपघातानंतर व्हेंटिलेटरवर होता. सकाळी सांगितलं, ‘४८ तास महत्त्वाचे आहेत.’ संध्याकाळी एका डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि त्याच दमात अवयवदानाचं विचारलं. आत्या आत जाऊन आली आणि एवढंच म्हणाली, ‘हात गरम आहे रे त्याचा.’ छाती वरखाली होत होती, लघवीची पिशवी भरत होती, मॉनिटरवर ठोके दिसत होते, सिस्टर अजून ‘पेशंट’च म्हणत होती. आत्याने नाही म्हटलं. यात अंधश्रद्धा कुठे आहे? डोळ्यांना दिसत होतं त्यावर तिने विश्वास ठेवला.

मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे, त्यातून कुणी परत येत नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कुणीही त्या मंडळात नसतं. व्हेंटिलेटरचा श्वास थांबवून रुग्ण स्वतःहून एक तरी श्वास घेतो का, हेही बघतात. हे सगळं आत्याला बसवून, पाणी देऊन कुणी सांगितलं असतं आणि दानाचा विषय तासाभराने काढला असता, तर तिचं उत्तर काय आलं असतं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो निदान खरा प्रश्न ठरला असता.

शिक्षणाचा मुद्दा तर टिकतच नाही. शेतमजुरांच्या, रिक्षाचालकांच्या घरांनी दान केल्याच्या बातम्या आपल्याकडे नेहमी येतात. उलट शिकलेल्या घरात पहिली शंका बिलाची येते, दुसरी रॅकेटची. २०१६ला मुंबईत आणि २०२२ला पुण्यात किडनीची प्रकरणं बाहेर आली, ती लोक विसरलेले नाहीत. ती प्रकरणं खोटे नातेवाईक दाखवून केलेल्या जिवंतपणीच्या दानाची होती. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार जातात आणि संमतीनंतर अवयव जपण्याचा खर्च कायद्याने दात्याच्या घरावर पडत नाही. हा फरक समजावून सांगायचं काम रुग्णालयाचं आहे. ज्याचा विश्वास उडालाय त्याला अडाणी म्हणून तो परत बसत नाही.

आता कार्डाचं. मृताची लेखी इच्छा कायदा मानतो, तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या संमतीशिवाय कुठलंही रुग्णालय पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. रडणाऱ्या आईला बाजूला सारून एकदा अवयव काढले, तर त्या गावात पुन्हा कुणी हो म्हणणार नाही. स्पेनकडे बघा. तिथे १९७९पासून कायदा असा, की विरोध नोंदवला नसेल तर संमती धरावी. तरीही तिथे घरच्यांना विचारतातच. आणि कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी मृत्यूनंतरचे दाते दहा लाख लोकांमागे वर्षाला चौदाच्या आसपासच होते. १९८९ला त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी केली, रुग्णालयांत समन्वयक नेमले, वाईट बातमी कशी सांगायची याचं रीतसर शिक्षण दिलं. पुढे हाच आकडा चाळिसाच्या वर गेला. आपल्याकडे तो अजून एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये कायदा तोच राहिला, लोकही तेच. बदललं ते आयसीयूतलं बोलणं.

राहिलं ते राखेचं वाक्य. अपघाताची केस असेल तर होकार दिल्यावरही पोलिसांचा पंचनामा, दुसरी तपासणी, बाहेरगावच्या टीमची वाट, शस्त्रक्रिया, शवविच्छेदन, यात दिवस सहज जातो. गावाकडे माणसं माती व्हायची वाट बघत उपाशी बसलेली असतात, चुलते दर तासाला फोन करतात. बायको हो म्हणते, दीर नाही म्हणतो, आणि एकाचा नकारही पुरतो. याला स्वार्थ म्हणणाऱ्याने ती रात्र काढून बघावी.

आणि नकार दिल्यावर काय होतं, ते तर या मजकुरात येतच नाही. दानाला नाही म्हटलं की कित्येक ठिकाणी व्हेंटिलेटर तसाच चालू राहतो, सोबत बिलही. घरच्यांना वाटतं, गेला असता तर मशीन बंद केलं नसतं का? दान होवो न होवो, मेंदूमृत्यू जाहीर झाला की व्हेंटिलेटर काढायचा, असं केरळ सरकारने २०२०मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आयसीयूत तसंच व्हायला हवं, आणि हे पुढे पाठवा म्हणणाऱ्यांनी आधी ते मागावं.