मुलांचं जॅकेट ओढून बघा

तारकर्ली-मालवणच्या बोटसफरीवरच्या तुमच्या लेखात 'लाइफ जॅकेट घाला' असं म्हटलंय, ते योग्यच. पण लहान मुलांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. मोठ्यांचं जॅकेट मुलाला चढवलं, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सगळी बक्कलं लावा, खांद्याच्या पट्ट्या धरून जॅकेट वर ओढा. कानापर्यंत आलं तर दुसरं मागा. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तमच. आतला फोम चिरडलेला किंवा शिवण उसवलेली असेल तर ते घेऊच नका, भले फेरी चुकली तरी चालेल.

वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन तापते आणि खारा वारा जोर धरतो, म्हणून फेरी सकाळीच करा. देवबागसारख्या ठिकाणी खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते आणि तिथेच उभी राहून फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ आणखी वाढते. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, 'आता नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला उभे राहतात आणि होडी कलते. बसूनच पाहा, मुलांना मधल्या फळीवर बसवा. पाण्यातला माणूस वर चढत असताना इंजिन पूर्ण बंद हवं, इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरता कामा नये.

तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये सेव्ह करा आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये ठेवा.