नल काही जाईना

फाइल शून्य बाइटची. नाव 'नल', स्पेलिंग एन-यू-एल. आत काही नाही आणि नावाचा अर्थही 'काही नाही'. या काहीच नसलेल्या ऐवजाने माझी शनिवारची दुपार खाल्ली.

पाप माझंच. विंडोजवर गिट बॅशमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या एका खिडकीत, एक बडबडी कमांड चालवत होतो. तिचं तोंड बंद करायला जुन्या सवयीने शेवटी बाण (>) काढून 'नल' लिहिलं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळ्या खिडकीत असं केलं की सगळी बडबड गडप होते. बॅशचं वळण मात्र लिनक्स या वेगळ्याच प्रणालीचं. त्याने आज्ञाधारकपणे त्या नावाची फाइलच करून ठेवली. कमांड नेमकी तेव्हा काहीच बोलली नाही, म्हणून फाइल रिकामी.

डिलीट दाबलं. यंत्राचं नाव चुकीचं आहे, असं उत्तर. नाव बदलायला गेलो, तेच. रीस्टार्टचा अंगाराही लावून झाला.

"हा नल काही जात नाही!" मी करवादलो.

"बरंय की," स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेवढ्यात पिंप भरून घ्या."

विंडोजची ही खोड जुनी आहे, डॉसकडून आलेली. 1981च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. अख्खी डिस्क म्हणजे एकखणी घर. त्यात 'कॉन' म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर, 'नल' म्हणजे कचऱ्याची बिनबुडाची बादली. ही नावं यंत्रांची, फाइलींना बंदी. 1983 साली फोल्डर आले, घराच्या खोल्या पडल्या. पण जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून या मंडळींचा हक्क प्रत्येक खोलीत कायम राहिला. सातबाऱ्यावर नाव लागलं की लागलं!

(एकेकाळी ढकलपत्र यायचं: 'कॉन' नावाचं फोल्डर होत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीत कुणालाच उत्तर येईना. आम्ही करून बघितलं, झालं नाही, आणि ऊर भरून दहा जणांना पुढे ढकललं.)

शेवटी तोडगा सापडला. काळ्या खिडकीत 'डेल' ही पुसायची आज्ञा लिहून दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह, पुन्हा बॅकस्लॅश आणि पुढे सी ड्राइव्हपासून फाइलचा पूर्ण पत्ता. म्हणजे संगणकाला सांगायचं, बाबा रे, नावाचा अर्थ लावत बसू नकोस, दिलंय तसं घे. एंटर दाबलं. फाइल गायब. बॅशमध्येच साधं 'आरएम नल' (आरएम म्हणजे बॅशची पुसायची आज्ञा) म्हटलं असतं तरी भागलं असतं, हे भाच्याने संध्याकाळी सांगितलं. त्याला चहा दिला नाही.

पण त्या क्षणी मी आनंदाने ओरडलो होतो, "गेला! नल गेला!"

"अगंबाई," आतून आवाज, "आणि पिंप अजून अर्धंच?"