दलालाला कटवलं म्हणून छाती फुगवणाऱ्यांसाठी

आज सकाळी गावच्या ग्रुपवर एकानं मोठ्या आनंदानं टाकलं. तालुक्याला घर पाहत होता, दलालानं भर उन्हात फिरून घरं दाखवली, कागद काढून आणले, आणि यानं रात्री परस्पर मालकाच्या घरी जाऊन सौदा पक्का केला. दलालाचे पैसे वाचले म्हणे. खाली अंगठ्यांची रांग. "मानलं भाऊ." "लय भारी." वावरात निंदण चालू आहे, मजुरांचा चहा न्यायचा आहे, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही सगळे माझ्या ओळखीचे आहात. मजुराचा एक दिवसाचा रोज कोणी बुडवला तर चारचौघांत त्याला बोलणारे तुम्हीच. मग दलालाचा रोज बुडवला की ती हुशारी कशी काय होते?

माझी आत्या अंगणवाडी सेविका होती. निवृत्तीचे मिळालेले थोडे पैसे आणि एक एकर वावर विकून आलेले, एवढीच तिची पुंजी. तालुक्याला, दारव्ह्याला, दवाखान्याजवळ राहायचं एवढंच तिचं म्हणणं. आमच्या सोयऱ्यांपैकी एकानं वावर तोडून पाडलेल्या लेआउटमधला प्लॉट आणला. घरचा माणूस, आत्याच्या हातची भाकर खाल्लेला. "रेल्वे येऊन राहिली, पोळ्यानंतर हा भाव राहणार नाही, इसार देऊन टाका." वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेच्या नावावर आमच्या भागात किती प्लॉट विकले गेले ते तुम्हाला सांगायला नको. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी 2024 मध्ये आली, दारव्ह्याचे लोक वाट पाहत आहेत, आणि इकडे आमची शकुंतला, ती जुनी छोट्या रुळांची गाडी, तर केव्हाचीच बंद पडली. पण प्लॉट विकणाऱ्याच्या तोंडात गाडी रोज स्टेशनात उभी असते.

आत्याच्या ओळखीचा एक म्हातारा दलाल होता. पूर्वी अडत्याकडे मुनीम, मग जमिनीच्या सौद्यात पडला. तिनं त्याला नुसतं विचारलं, कारण प्लॉट त्याचा नव्हताच. त्यानं ऑनलाइन सातबारा पाहिला आणि तेवढ्यावर थांबला नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढायला लावले. जमीन भूदानातली निघाली. विनोबांच्या चळवळीत भूमिहीनाला मिळालेली. ती अशी विकता येत नाही, हे वर्धा-यवतमाळकडच्या माणसाला तरी माहीत असायला पाहिजे. तो आत्याला म्हणाला, "बाई, हे वावर वर्ग-दोनचं हाय, विकायले बंधन असलेलं. प्लॉट पाडले म्हनून ते एनए, म्हंजे बिनशेती, होत नाही. तुमाले जन्मभर तहसीलीत बसवन हे."

या सल्ल्याचा एक रुपया त्यानं घेतला नाही. सोयऱ्याला मात्र प्रत्येक प्लॉटमागे लेआउटवाल्याकडून मिळत होतं, आणि ते त्यानं आत्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्या लेआउटमध्ये ज्यांनी पैसे टाकले त्यांच्या नावावर आजही फेरफार झालेला नाही. त्यात एका विधवेचे पैसे आहेत. हे लिहिताना हात थरथरतो माझा.

म्हणून सांगतो, ओळखीचा आहे, जातीचा आहे, सोयरा आहे म्हणून दलाल धरू नका. त्याला पैसे कोणाकडून मिळणार ते पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा. त्या म्हाताऱ्यानं आत्याला न विचारता सांगितलं होतं, "मी मालकाकडूनही एक टक्का घेतो, तुमच्याकडूनही एक." आणि इसाराच्या आधी कागद दाखवतो की इसारानंतर, ते पाहा. जो म्हणतो "आधी टोकन द्या, कागद मग देतो", त्याच्या गाडीत दुसऱ्यांदा बसू नका.

दलालांत चोर भरपूर आहेत, मान्य. सोयराही शेवटी दलालच होता.

आणि हो, कायदा आहे. 2016 चा रेरा, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवर नजर ठेवणारा कायदा, त्यातून आपल्याकडे महारेरा ही संस्था. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि तिथले घर-प्लॉट विकणाऱ्या एजंटाचीही. प्रकल्पाचा नंबर 'पी'नं सुरू होतो, एजंटाचा 'ए'नं. आता एजंटाला परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. नवा लेआउट घेत असाल तर हे दोन्ही नंबर मागा, आणि साइटवर स्वतः तपासा. आमच्या म्हाताऱ्याकडे असा नंबर नव्हता. जुन्या घराच्या सौद्याला तो लागतही नाही. मग अशा ठिकाणी तुमच्या हातात काय उरतं? माणूस पारखणं.

कोणी म्हणेल, सगळं मोबाईलवर दिसतं, 15 रुपयांत सही असलेला सातबारा मिळतो, दलाल पाहिजे कशाला? मिळतो, खरं आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसेल. पण तिघा भावांपैकी धाकटा सही द्यायला येणार नाही, पुण्याची बहीण हक्कसोड करायला तयार नाही, शेजाऱ्यानं बोळीत दोन फूट भिंत सरकवली आहे, हे कोणत्या साइटवर दिसतं? हे त्या माणसाला माहीत असतं, कारण तो तीस वर्षं त्याच गल्ल्यांत फिरला आहे. त्यानंच पुढे आत्याला जुन्या वस्तीतलं घर काढून दिलं. दोन खोल्या, मागे आंगण, आखीव पत्रिका, म्हणजे जागेचं प्रॉपर्टी कार्ड, स्वच्छ. जुने व्यवहार तपासून वकील देतो तो सर्च रिपोर्टही त्यानंच घ्यायला लावला, "माह्यावर जाऊ नका" म्हणून. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आत्याचे अंगठ्याचे ठसे मशीन घेईना. भांडी घासून घासून रेषाच गेलेल्या. तो म्हातारा बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतत होता आणि म्हणत होता, "होते बाई, होते."

त्या माणसालाही लोकांनी असंच कटवलं आहे, एकदा नाही. घर दाखवायला बोलवायचं, आणि नंतर फोन उचलायचा नाही. त्याचा मुलगा या धंद्यात आला नाही, पुण्याला कंपनीत लागला. असे लोक गेले की उरतील ते फक्त लेआउटवाल्याच्या पगारावरचे, गाडीत एसी लावून फिरवणारे. मग तुमच्या आईला, आत्याला कोण सांगणार, बाई हे घेऊ नका?

टक्का जास्त वाटतो तर आधी भांडा. अर्धा टक्का करा, कागदावर लिहून घ्या, कोणी अडवलं नाही. पण ठरलं की द्या.

यंदा कापसाचे पैसे हाती आल्यावर दारव्हा-दिग्रस भागात कोणी घर पाहणार असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, त्या म्हाताऱ्या दलालांना विचारून त्यांचा नंबर देतो. व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांच्याकडे, फोनच करावा लागतो. आणि दुपारी करू नका, जेवून झोपलेले असतात.