मेलेल्याची थट्टा नव्हे

वऱ्हाडातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: कास्तकाराच्या मरणाच्या गोष्टीत विनोद घालणं म्हणजे मेलेल्याची थट्टा, हा काळा विनोद शहरी खूळ आहे, दुःख गंभीरपणेच सांगावं. यातलं एकही म्हणणं मला पटत नाही.

थट्टा कोणाची होते, ते आधी पाहू. कास्तकाराची आत्महत्या झाली की प्रकरण सरकारी मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. पात्र ठरलं तर घरच्यांना १ लाख रुपये. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. आता समजा, एका कथेत मयतीहून परतताना म्हातारा म्हणतो, "मेला तं मेला, पन कर्ज काढाच्या आंधी सावकाराचं लायसन तं पाहाचं होतं बापा!" वाचकाला हसू फुटतं आणि लगेच घशात अडकतं. म्हातारा मेलेल्यावर हसत नाही. मड्याकडे कागद मागणारा नियम तो उघडा पाडतो. शिवाय त्याच्या स्वतःच्या डोक्यावरही तसलंच कर्ज असणार, म्हणून तर त्याला हा नियम तोंडपाठ. 'निकष जाचक आहेत' एवढंच लिहिलं असतं तर वाचक पान उलटून मोकळा झाला असता.

शहरी खूळ म्हणणाऱ्यांनी पोळ्याला तोरणाखाली उभं राहून झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हटली जाणारी चिमटे काढणारी कवनं, ऐकाव्यात. नापिकी, सावकार, कापसाचा भाव, पुढारी, सगळ्यांचा उद्धार होतो आणि 'हर बोला हर हर महादेव'च्या गजरात अख्खं गाव हसतं. दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवत रोगराईलाच 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत हाकलतात.

राहिला गंभीरपणा. 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९चा चित्रपट आठवा. शेजाऱ्यानं जीव दिल्यावर आपला नवराही तेच करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागे धाडते, पुरणपोळी रांधते. हसू येतं ते तिच्या मायेतून, आणि म्हणूनच तिची भीती आपल्या अंगावर येते.

हो, मदतीच्या लाखावरून विधवेलाच हशाचं कारण करणारे लेखकही आहेत. ती मात्र खरोखर थट्टा आहे, आणि फिरणारा मजकूर त्यांना जरूर पाठवा.