सर्व्हिस केलेले म्हणे!

'पूर्ण सर्व्हिस केलेले.' यापुढे हे कुणी म्हणालं की मी फोनच ठेवणार.

रविवारी लेस्टरहून ब्रिस्टलला जाऊन क्वाड ईएसएल स्पीकरची जोडी आणली. ह्यांत शंकू नसतो, विजेने भारलेल्या पातळ पडद्याची पॅनल्स असतात, म्हणून प्रत्येकाला भिंतीतल्या विजेचा प्लग. जुनी, सोनेरी जाळीची. विकणाऱ्याकडे दोन्ही झकास वाजत होते, कारण गृहस्थाने आवाज मुंगीएवढा ठेवलेला आणि सकाळपासून दोन्ही प्लग लावून ठेवलेले. घरी उजव्याचा आवाज निम्मा. दिवे मालवून बघतो तर ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाच्या पॅनलमध्ये टिक... टिक... निळी ठिणगी.

मागची जाळी काढली. डस्ट कव्हरच्या जागी काय असावं? क्लिंग फिल्म! उरलेली पोळी गुंडाळायची ती! सुरकुतलेली, कडेला तपकिरी चिकटपट्टी. बेस पॅनलला ६,००० व्होल्ट असतात, आणि ह्या प्राण्याने तिथे डबा भरलाय. निरोप पाठवला तर उत्तर काय? 'साठ वर्षांचे आहेत हो. तुम्ही साठीला कसे असाल?' वर हसरा चेहरा. मी एकसष्टचा आहे, आणि मला अजून कुणी क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेलं नाही!

फोटोही सगळे पुढूनच टाकतात, पाच फुटांवरून. मागची बाजू मागितली की 'सध्या भिंतीला लावलेत'. भिंतीला? अरे, ह्यांचा आवाज मागूनही तेवढाच येतो, भिंतीला काय चिकटवता! आणि ते ह्यांना २०० वॅटचा अ‍ॅम्प जोडणारे. १९५७ साली क्वाडच्या पीटर वॉकरने हे काढले तेव्हा क्वाडचा स्वतःचा अ‍ॅम्प १५ वॅटचा होता. पण नाही, पार्टी करायची, पॅनल भाजायचं, मग विकायचं. कुणाला? मला.

दुरुस्तीवाला म्हणतो, पॅनल पाठवा, फेब्रुवारीत बघू. जपून पॅक करा. म्हणजे पुन्हा कुरिअर. मागच्या वेळच्या कुरिअरबद्दल मी बोलणार नाही, बीपी वाढतं.

हो, मागची वेळ होती. ही तिसरी जोडी. शेडमध्ये चार मेलेली पॅनल्स आहेत, बायकोने मोजलीत. 'अहो, हे हीटर गरम तरी होतात का?' हे ती दर थंडीत विचारते, दिसतात तसेच ना.

डावा मात्र काय गातो! काल रात्री त्याच्या एकट्यावर जुनं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावलं, तंबोऱ्याची तार न् तार मोकळी. नाहीतरी १९५७ साली घरोघरी मोनोच होतं, लोक एकच स्पीकर घ्यायचे. म्हणजे माझा सेट अगदी अस्सल झाला. उजव्यावर बायकोने कुंडी ठेवायच्या आत हे तिला पटवायचंय.