प्रत्येकाला एकेक तांब्या

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावाला जायचं म्हटलं की एसटीचं आरक्षण मिळवणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या शेजारच्या काकूंच्या हवाली करणं. काकू उदार आहेत, शिवाय न्यायी. "काळजी नको करूस, सगळ्यांना रोज एकेक तांब्या घालीन," असं त्या म्हणतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. पंगतीत वाढावं तसं कुंड्यांना पाणी वाढून चालत नाही. या पंगतीत निम्म्यांचा उपास असतो आणि उरलेल्यांना दोनदा जेवायचं असतं.

म्हणून चिठ्ठी. पहिलं कलम: पाणी सकाळी आठच्या आत. दुपारी दोनला गच्चीच्या टाकीतून जे येतं त्यात चहा होईल, मुळांवर ते ओतू नये. दुसरं कलम: तांब्या उचलण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावं. ओलं लागलं तर तांब्या खाली. तिसरं: घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून येईपर्यंत घालावं आणि बशीत साठलेलं ओतून टाकावं, नाहीतर डास होतात आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

इथवर काकू मान डोलावतात. मग एकेक झाड सुरू होतं.

मोगरा सोपा, कारण हावरट. पूर्ण ऊन, रोज पाणी. ऐन बहरात एक दिवस चुकला तरी कळ्या तपकिरी होऊन गळतात. फुलं काकूंनी खुशाल न्यावीत, फक्त बहर ओसरलेल्या फांदीचा शेंडा खुडावा. मोगरा नव्या फुटीवरच कळ्या धरतो. बोगनवेलीचं नेमकं उलटं. तिला तहान लागल्याशिवाय रंग चढत नाही. पानं जराशी लवली की मगच भरपूर पाणी. लाडाने रोज पाणी आणि वर शेणखत दिलं तर ती हिरवीगार, धष्टपुष्ट, काटेरी होते आणि रंग झडून जातो. (ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं. खरं फूल आत असतं, पांढरं, नळीसारखं, कुणी बघतही नाही.)

अडेनियमला तीन-चार दिवसांनी, तेही माती पुरती कोरडी झाल्यावर. त्याचं फुगलेलं खोड अंगठ्याने दाबून बघावं. टणक असेल तर ठीक. लिबलिबीत लागलं तर सड सुरू झाली. तेवढा भाग स्वच्छ सुरीने कापून झाड सावलीत काही दिवस कोरडं ठेवायचं आणि मग वाळू-खडीच्या मिश्रणात लावायचं. "खोड दाबायचं?" काकू विचारतात. त्यांचा चेहरा बघून हे कलम मी मनातल्या मनात खोडून टाकते.

अनंताची कथा पाण्याच्या प्रमाणाहून पाण्याच्या जातीची. त्याला आम्लधर्मी माती लागते, आणि मे महिन्यात सोसायटीत येतो टँकर, म्हणजे बहुधा बोअरचं जड, क्षारांचं पाणी. थोड्या दिवसांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. त्यावर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, देतात. काकू काटकसरी, आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी बादलीत साठवतात. ते लादी पुसायला उत्तम. अनंताला नको, कारण सगळे क्षार त्यातच उरलेले असतात.

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर वर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलाय असं समजावं. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, एक-दोन मिली पातळ साबण, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. साबण विसरला तर तेल वर तरंगत राहतं आणि पान भाजतं. स्नेक प्लांटला विसरून जावं, हीच त्याची सेवा. फायकसला मात्र हलवू नये. "बिचारा उन्हात होता म्हणून आत घेतला" असा फोन आला की जाणावं, आता तो पानं गाळणार.

खरा घोटाळा माना टाकण्यात आहे. पाणी कमी पडलं तरी पानं माना टाकतात आणि जास्त होऊन मुळं कुजली तरीही टाकतात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. काकूंना दोन्हीकडे एकच दिसतं: झाड तहानलंय. मग आणखी एक तांब्या. माती ओली आणि झाड मलूल असेल तर पाणी थांबवायचं, हे चिठ्ठीत लाल शाईने लिहिलं तरी ते कोणाच्याही मनाला पटत नाही.

काकूंना त्रास नको म्हणून यंत्रणा करू म्हटलं, तर उलटी बाटली भुसभुशीत मातीत रात्रीत रिकामी होते. वातीची पद्धत बरी: पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंचावर, सुती दोरी आधी ओली करून एक टोक तळाशी, दुसरं मातीत दोन इंच. गुळगुळीत प्लास्टिकची दोरी वापरली तर शोभेपुरतीच उरते. आणि कोकोपीट, म्हणजे मातीत मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा ठणठणीत सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. काकूंना वाटतं, झाड पोटभर प्यायलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवावी लागते.

परत आल्यावर लगेच खत घालू नये. मेलेलं तेवढं कापावं, सावली द्यावी, नवी फूट दिसेपर्यंत थांबावं. आंब्याची पेटी मात्र काकूंकडे त्याच दिवशी पोचवावी, कुंड्यांचा निकाल काहीही लागो. कारण जुलैत त्या मुलीकडे जाणार आहेत आणि त्यांच्या गॅलरीत ऑर्किडची रांग टांगलेली आहे. माती नाही, नुसता कोळसा आणि नारळाच्या शेंड्या. "त्यांचं काही नसतं गं," काकू म्हणाल्या, "बघायचं आणि वाटलं तर शिंपडायचं."