सरपंच व्हायचंय? आधी हिशोब सांगा

आज पारावर एका भावी सरपंचाचं भाषण झालं. "वित्त आयोगाचा सगळा पैसा रस्त्यांना लावतो!" टाळ्या पडल्या. एका पोराने विचारलं, "बंधित किती, अबंधित किती?" उमेदवार हसून म्हणाले, "ते भाऊसाहेब बघतात." भाऊसाहेब म्हणजे पंचायतीचे सचिव.

डोकंच फिरलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. त्या हिशोबाने 10 लाख आले तर 6 लाख रस्त्याला लागतच नाहीत. उरलेल्या अबंधित 4 लाखांचं कामही ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात हवं, आराखडा ईग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला हवा. मग "सगळा पैसा" कुठला आणला राव?

अर्ज भरताना विचारतात काय? जात पडताळणी, शौचालय, 12 सप्टेंबर 2001 नंतरची अपत्यं. 1995 पासून पुढे जन्मलेल्यांना सातवी पास. काम येतं का, हे कुणी विचारतच नाही! शिपाई भरतीलासुद्धा परीक्षा असते.

आणि "भाऊसाहेब बघतात" चा शेवट माहितीये? सरपंचबाईंच्या नावाचा डिजिटल सहीचा डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली. नवरा म्हणतो "टाक रे", बिल गेलं. एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) लिहिलेली काँक्रीटची जाडी जागेवर आहे का, कोण बघतो? लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की नोटीस मात्र बाईंच्या नावाने. त्यांना तरी काय बोलायचं? खुर्चीत बसवलं, पण कागद कुणी समोर ठेवलेच नाहीत.

हो, शाळेच्या दाखल्याची अट नकोच. त्यात गरीब बायाच आधी गळतात. हरियाणाने 2015 मध्ये पुरुषांना दहावी (अनुसूचित जातीतल्यांना आठवी) केली, सुप्रीम कोर्टाने टिकवलीही. राजस्थानने तशीच अट 2019 मध्ये काढली, बरं केलं. अंगठा लावणारी बाईसुद्धा टेप धरून रस्ता मोजून घेऊ शकते.

म्हणून लेखी पेपर नको, तोंडी घ्या. त्याच पारावर, सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवून. नमुना 9 (कर मागणी नोंदवही) प्रमाणे घरपट्टीची थकबाकी किती, कशी वसूल करणार? स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणचे आणि 5 टक्के दिव्यांगांचे कशावर खर्च करणार? डोंगल कुणाकडे राहणार? पास-नापास गाव ठरवेल. दिवसभरात एवढं पाठ करता येतं, आणि ज्याला तेवढाही वेळ नाही त्याला पाच वर्षं कशाला द्यायची?

तोवर एक करा. ईग्रामस्वराजवर जिल्हा, तालुका, आपली पंचायत आणि वर्ष निवडा, आराखड्याची प्रिंट काढा. मत मागायला येतील तेव्हा बाहेर काढा आणि विचारा, यातलं कोणतं काम आधी घेणार, किती रुपयांचं, आणि बंधितमधून की अबंधितमधून.